बापाचा इंच, लेकाचा इंच

मी एक जुनी गिटार आहे. विजेवर वाजणारी, सहा तारांची, आणि अंगानं जरा जास्तच जड. मला कुठल्या कंपनीनं बनवलेलं नाही, त्यामुळं माझ्या माथ्यावर कुणाचं नाव नाही. भिलाईत, पोलाद कारखान्याच्या सेक्टरातल्या एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात मी जन्मले आणि आता जवळच्याच रिसालीत एका घराच्या भिंतीवर असते. येणारे-जाणारे माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "शो-पीस आहे का हो?" असा संताप येतो म्हणून सांगू! अहो, एक गाणं माझ्यावर नीट वाजावं म्हणून एका माणसानं जिवाचं रान केलं, आणि तो माणूस ठार बहिरा होता. मित्रांनो, मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे. माझी त्यात आपोआप येईल.

गिटार होण्याआधी मी चाक होते. खरं चाक नव्हे, चाकाचा पॅटर्न. कारखान्यात पोलादाची एखादी वस्तू ओतायची असली की आधी हुबेहूब तशीच लाकडाची करतात. ती वाळूत दाबायची, ठसा उमटला की अलगद काढून घ्यायची आणि त्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. त्या लाकडी वस्तूला म्हणतात पॅटर्न. माझ्या ठशातून कितीतरी चाकं निघाली, क्रेनवर चढली, गरगर फिरायला लागली. लोक चाकाचं कौतुक करायचे. मला पुन्हा नेऊन फळीवर ठेवायचे. पुढं त्या चाकाची घडणच बदलली, आणि मग माझ्यावर धूळ साचली, माझा लाल रंग उडाला, आणि एक दिवस मला जळाऊ लाकडांच्या ढिगात टाकलं. एवढं अस्सल सागवान, आणि चुलीत जायचं! मी तर आशाच सोडली होती.

त्या ढिगातून मला तेजरामनं उचललं. तेजराम पॅटर्न शॉपमधला मिस्त्री. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतीतून आलेला, पण हात लाकडात रमायचे. तरुणपणी त्याला मोठा ताप आला होता. तापातून उठला, पण कान हळूहळू जात राहिले, आणि मी त्याच्या घरी आले तेव्हा जेमतेम ढगांचा गडगडाट तेवढा त्याला कळत असे. ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. खात्यात करवतींच्या आवाजात सगळेच खाणाखुणांनी बोलत, तिथं त्याचं काही अडलं नाही. अडायचं ते घरी, कारण त्याच्या एकुलत्या एका लेकाला, देवानंदला, गाण्याचं वेड होतं.

सन अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. देवानंद कॉलेजात होता. शेजारच्या क्वार्टरमधला ओमप्रकाश त्याचा जिवाभावाचा मित्र. तो ड्रम वाजवायचा. ड्रम नसला की डबे वाजवायचा, डबे नसले की लोकांची डोकी खायचा. त्याच्या मामानं परदेशातून एक कॅसेट पाठवली होती आणि तिच्यावर ते इंग्रजी गाणं होतं.

ते गाणं मी पुढं इतक्यांदा ऐकलं की आजही जसंच्या तसं सांगते. सुरुवातीला एकटी गिटार, खालच्या जाड तारांवर, अगदी सावकाश. रिकाम्या घरात कुणीतरी या खोलीतून त्या खोलीत चालावं तशी. मग गाणाऱ्याचा आवाज. तो काही गोड नाही, घसा बसलेला आहे. दोन कडवी होईपर्यंत ड्रम नाहीच, आणि मग असा येतो की छातीत धस्स होतं. मागं ऑर्गन एकच सूर धरून उभा. शेवटी शब्द संपतात. गिटार एकटी वर चढायला लागते, चढत जाते, चढत जाते, आणि अगदी टोकाच्या एका सुरावर जाऊन थांबते. तो सूर लांबतो, थरथरतो, आणि तिथंच गाणं विरत जातं. संपलं कधी ते कळतच नाही.

आणि शब्द कशाचे? तर घर सोडून गेलेल्या एका माणसाचे. दर कडव्याच्या शेवटी तो म्हणतो, उद्या सकाळी मी घरी जाईन. पहिल्यांदा वादळ आहे म्हणून थांबतो, मग हातात काम आहे म्हणून, मग आता कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून. तिकडं घरी म्हातारा बाप दाराला कडी न लावता बसलेला. चौथ्या कडव्यात शब्दच नाहीत. तिथं फक्त ती वर चढणारी गिटार आहे.

देवानंदची आई मथुराबाई. तिला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण कॅसेट लागली की तिचं लाटणं थांबायचं.

"कोनाचं कोन मेलं रे, देवा? कावून रडून राहिला तो?"

"मेलं नाही माय. त्याले घरी जाता नाही येऊन राहिलं."

"मंग जाय म्हना ना त्याले! एवढं रडण्यापरीस गाडीत बसाचं अन् जाचं."

तेजरामला काहीच ऐकू येत नसे, पण मायलेक ज्याच्यावर बोलतात ते काय आहे हे त्यालाही हवं असायचं. त्यानं विचारलं, "काय म्हन्ते गानं?" देवानंदनं त्याच्यासमोर बसून ओठ सावकाश हलवत सगळा अर्थ सांगितला. तेजराम ऐकत, म्हणजे बघत राहिला. मग म्हणाला, "दाराले कडी नाही लावत? चोर येईन ना बाप्पा!" सगळे हसले. थोड्या वेळानं तो स्वतःशीच म्हणाला, "बाप हाये ना. नाही लावत कडी."

देवानंदकडं स्वतःची गिटार नव्हती. एका ओळखीच्याची तो उसनी आणायचा आणि परत द्यायला जाताना त्याचा चेहरा पार उतरायचा. तेजरामला कान नव्हते, पण चेहरे त्याला बरोबर वाचता यायचे. एके दिवशी त्यानं ती उसनी गिटार हातात घेतली, उलटी केली, ठोकून पाहिली, दांडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "लाकडाचंच काम हाये. मी बनवून देतो."

"बाबा, तुमाले जमंन?"

"पोलादाचं चाक लाकडात जमते. हे त लाकडाचं लाकडातच हाये."

असा माझा दुसरा जन्म झाला. उसन्या गिटारीचं माप देवानंदनं आपल्या शाळेतल्या फूटपट्टीनं घेतलं आणि आकडे बापाला सांगितले. तेजरामनं मला कापलं, तासलं, घासलं. माझ्या दांडीवर पडद्यांच्या रेघा, म्हणजे बोटानं तार जिथं दाबायची त्या जागा, त्यानं आपल्या कामाच्या पट्टीनं आखल्या, अशा नेमक्या की केसाचाही फरक नाही. विजेच्या मोटारींना तारा गुंडाळणाऱ्या एका दोस्तानं माझा सूर पकडायला तांब्याच्या तारेचं वेटोळं करून दिलं. जुन्या रेडिओच्या पोटातून माझ्यासाठी आवाजाची पेटी निघाली. तारा रायपूरहून आल्या. सगळ्यात शेवटी घोडी बसवायची होती, ज्याच्यावरून तारा जातात ती. तेव्हा देवानंद म्हणाला, "बाबा, एवढं मले करू द्या." आणि त्यानं आपल्या फूटपट्टीनं माप घेऊन घोडी बसवली. बापलेकांनी मिळून केलेलं ते एकच काम. तेजरामला केवढा आनंद झाला होता! तो आल्यागेल्याला मला दाखवायचा. "आमच्या दोघायनं बनवली," म्हणायचा.

देवानंद वाजवायला बसला की तेजराम समोर पाट घेऊन बसायचा आणि माझ्या अंगावर पंजा ठेवायचा. लाकूड थरारतं ते त्याच्या हाताला कळायचं. ओमप्रकाश चिडवायचा, "काका, कौन सा राग है?" तेजराम त्याचे ओठ वाचून गंभीरपणे सांगायचा, "सागवान."

पण मित्रांनो, माझ्यात एक खोट राहिली होती. खालच्या पडद्यांवर मी सुरात होते. जसजसं वर जावं तसतसा माझा सूर चढा व्हायचा, आणि टोकाच्या त्या सुरावर, जिथं गाण्याचा सगळा जीव होता, तिथं मी अगदी किंचाळायचे. मला कळत होतं. देवानंदलाही कळत होतं.

ओमप्रकाश एकदा म्हणालाही, "यार देवा, ऊपर जाके चुभता है."

"तार हल्की है. नई डालेंगे तो ठीक हो जाएगा."

"काका को बोल ना. देख लेंगे."

"पागल है क्या? इतने प्यार से बनाया है उन्होंने."

नवीन तारा आल्या, काही फरक पडला नाही. देवानंदनं बोटं सोलवटेपर्यंत सराव केला. दोष आपल्या हाताचाच असेल अशी त्यानं समजूत करून घेतली. बाप विचारायचा, "बरोबर वाजते ना?" आणि तो मान डोलवायचा. हे सगळं प्रेमापोटीच चाललं होतं.

पुढच्या गणपतीत मराठी मंडळानं स्टेज बांधलं. भावगीतं होती, नकला होत्या, नाटुकलं होतं. देवानंदनं कार्यकर्त्यांच्या हातापाया पडून एका इंग्रजी गाण्याची परवानगी मिळवली. रायपूरहून एक ऑर्केस्ट्रावाले आले होते, ते ऐकणार होते. आवडलं तर ते त्याला आपल्यात घेणार होते. तेजराम नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. शेजारी मथुराबाई.

देवानंदनं आधी मराठीत गाण्याचा अर्थ सांगितला. लोक शांत झाले. मग मी सुरू झाले, खालच्या तारांवर. खरं सांगते, फार छान चाललं होतं. ओमप्रकाशचा ड्रम आला तेव्हा मागची पोरं उभी राहिली. उद्या सकाळी घरी जाईन, उद्या सकाळी घरी जाईन, करता करता शब्द संपले आणि देवानंदची बोटं वर चढायला लागली. मी मनात म्हणत होते, नको रे, थांब, नको जाऊ वर. तो गेला. लाऊडस्पीकरमधून माझी ती बेसूर किंकाळी सगळ्या मंडपात घुमली.

कुणीतरी मांजराचा आवाज काढला. मग शिट्ट्या, मग हसू. सगळा मंडप हसायला लागला. देवानंदनं पुन्हा तो सूर लावायचा प्रयत्न केला, पुन्हा तसाच. हसू आणखी वाढलं. ऑर्केस्ट्रावाले उठून चहाला गेले.

आणि त्याच वेळी पहिल्या रांगेत तेजराम उठून उभा राहिला. त्यानं मागं वळून बघितलं. सगळ्यांचे दात दिसत होते, सगळे हात वर करत होते. त्याला वाटलं, लोक खूष झाले. तो जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. मथुराबाई त्याचा शर्ट ओढत होती, तरी तो थांबेना. डोळ्यांत पाणी आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. माझ्या लेकाचं वाजवणं बघा, असं जणू सगळ्यांना दाखवत होता. लोक आता त्याला हसत होते.

देवानंदनं मला स्टेजवरून उचललं ते थेट घरी. मागोमाग आईबाप आले. तेजराम हसतच आला.

"मस्त झालं ना रे? लोक किती खूष होते!"

देवानंद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. बापाला नीट वाचता यावं म्हणून त्यानं ओठ सावकाश हलवले. ती सवयच होती त्याची, पण त्या दिवशी ती सवय फार वाईट कामी आली.

"हसून राहिले होते ते. तुमाले अन् मले. बेसूर हाये हे डबडं. बहिऱ्या मानसानं बाजा बनवाव नाही."

मथुराबाई ओरडली, "देवा! जीभ झडंन तुही!" पण तेजरामनं शब्द वाचले होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथंच अडकून राहिलं. मग तो मागच्या व्हरांड्यात जाऊन बसला. देवानंदच्या तोंडून ते निघून गेलं होतं आणि परत घ्यायला त्याला जमलं नाही. आठवड्याभरात तो जबलपूरला निघून गेला. तिथं एका हॉटेलात वाजवायला लागला, तिथल्याच गिटारीवर. मी मागंच राहिले.

त्यानंतर तेजरामला एकच ध्यास लागला. ही कुठं चुकते? कारखान्यातून आला की चहा पिऊन मला मांडीवर घ्यायचा. मथुराबाई म्हणायची, "आता राहू द्या ना जी. वाजवनारा गेला." त्यावर तो एकच बोलायचा, "तो खोटं नाही बोलला. माह्या हातचं काहीतरी चुकलं हाये." त्यानं माझे पडदे काढून पुन्हा बसवले. दांडी तासली. वेटोळं बदललं. तारा बदलल्या. दर वेळी पट्टी लावून मोजायचा आणि दर वेळी पट्टी सांगायची, सगळं बरोबर आहे. घोडी तेवढी लेकाच्या हातची, म्हणून तिला त्यानं कधी पट्टी लावली नाही. ज्याला कान आहेत तो एका मिनिटात सांगेल की काहीतरी चुकतंय. ह्याला ते लाकडात, डोळ्यांनी शोधायचं होतं. मला इतकं वाटायचं की ओरडून सांगावं, पण माझा आवाज त्यालाच ऐकू जाणार नव्हता.

एका दिवाळीला देवानंद दोन दिवस आला होता. तेजरामनं मला त्याच्यासमोर नेलं आणि म्हणाला, "दाखव ना, कुठं चुकते." देवानंदची नजर वर उठली नाही. आपण काय बोललो होतो ते त्याला विसरता येत नव्हतं आणि माफी मागायला तोंड उघडत नव्हतं. "राहू द्या बाबा," एवढंच म्हणून तो बाहेर गेला. तेव्हा त्यानं नुसतं बोट ठेवून दाखवलं असतं तर! पण नाही दाखवलं.

तेजराम रिटायर झाला, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही रिसालीत आलो. शेजारी सिंधुताई राहत. त्यांना भिंतीतल्या कोनाड्यात बसेल असा देव्हारा हवा होता. कोनाड्याचं माप त्यांनीच आपल्या शिवणाच्या टेपनं घेतलं आणि आकडे तेजरामला दिले. तेजरामनं आपल्या पट्टीनं मोजून सुरेख देव्हारा केला. बसवायला गेला, तर कोनाड्यात शिरेना. थोडासाच मोठा.

"मिस्त्रीभाऊ, तुमचा हात चुकला म्हना!" सिंधुताई हसून म्हणाल्या. "देवालेच बारीक व्हा लागते आता."

तेजरामनं त्यांचा टेप मागून घेतला आणि आपल्या पट्टीशेजारी ठेवला. दोन्हीवर बारा इंच, पण त्याच्या पट्टीचे बारा इंच टेपच्या पुढं निघाले. तो बघतच राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला.

मित्रांनो, तुम्हाला सांगते काय झालं होतं ते. वितळलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा जरासा मोठा. हे तेजरामला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण उभा जन्म तीच पट्टी हातात. घरात आजवर माप तोच घ्यायचा आणि कापायचाही तोच, म्हणून कधी काही अडलं नव्हतं. आपला इंच इतरांचा नाही, हे तो साफ विसरून गेला होता. माझ्या पडद्यांच्या रेघा बापाच्या इंचानं पडल्या आणि घोडी बसली लेकाच्या इंचानं. रेघा चुकल्या नव्हत्या. घोडीही चुकली नव्हती. ती दोघं कधी आपापल्या पट्ट्या शेजारी ठेवून बसली नव्हती, एवढंच.

देव्हारा तिथंच टाकून तेजराम धावत घरी आला. त्या वयात धावत! मला खाली घेतलं, घोडी काढली, जुनी भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली आणि अर्धा इंच मागं नवी जागा धरली. तारा चढवल्या. आणि मग हात थांबला. बरोबर झालं की नाही, हे आता त्याला कोण सांगणार?

"मथुरा! इकडं ये. आयक."

"मले काय समजते जी त्यातलं?"

"एवढे दिवस आयकलं ना तू? जिथं चुकत होती ते तुले आठवत असंन."

मथुराबाई माझ्यासमोर बसली. तेजरामनं एक तार मोकळी छेडली, मग तीच मधल्या पडद्यावर दाबून छेडली. दोन्ही आवाज एकाच घरचे निघायला हवेत, एक मोठा, एक धाकटा. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची: नाही. तो घोडी कणभर सरकवायचा. पुन्हा. नाही. पुन्हा कणभर. एकदा तिनं डोळे उघडले आणि होकाराची मान डोलवली. तेजरामनं विचारलं, "खरं ना? माह्यावानी खोटी टाळी नको वाजवू." तेव्हा मथुराबाई रडायला लागली. "खरं," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली, "एकदम खरं जी." मी सुरात आले होते. इतक्या वर्षांनी. आणि ज्यानं आणलं त्याला माझा एक सूरही ऐकू येत नव्हता.

ओमप्रकाश आता कारखान्यात नोकरीला लागला होता. तेजरामनं त्याला गाठलं. "देवाले फोन कर. ये म्हना एकदा."

"बोलूँ क्या काका, कि गिटार ठीक हो गई?"

"नाही! बिलकूल सांगू नको. त्यानं हातात घ्यावं, वर जावं, अन् त्यालेच समजावं. मले आयकू येत नाही, पन मी त्याचं तोंड पाहीन ना. तोंडावरून मले सारं समजते."

ओमप्रकाशनं जबलपूरला फोन केला. देवानंद म्हणाला, "बस यार, शादी के सीज़न भर रुक जा, फिर आता हूँ." मग पुन्हा फोन केला तेव्हा नवा ऑर्केस्ट्रा जमत होता. पुढच्या वेळी त्यानं खरं ते सांगितलं, "किस मुँह से जाऊँ, ओम? तू तो जानता है मैं क्या बोल के निकला था." ते गाणं त्यानं हजार वेळा वाजवलं होतं. आपण त्यातल्या कितव्या कडव्यात आहोत, हे मात्र त्याला कळलं नाही.

तेजराम रोज मला पुसायचा. तारांना गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवायचा. दारात सायकल थांबली की उठून बघायचा. त्या थंडीत त्याच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं, पण तो काही परत आला नाही. जाताना मथुराबाईला म्हणाला म्हणे, "घोडीले हात लावू देजो नको कोनाले."

देवानंद आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरवी झाली. पाहुणे गेले, घर मोकळं झालं, आणि दुपारी त्यानं मला भिंतीवरून काढलं. आवाजाची पेटी कधीच बंद पडली होती, त्यामुळं माझा आवाज घरातल्या घरात राहील एवढाच. त्यानं खालच्या तारा छेडल्या. तेच गाणं. सावकाश, या खोलीतून त्या खोलीत. मग बोटं वर चढायला लागली आणि टोकाच्या सुराच्या अलीकडं येऊन थांबली.

स्वयंपाकघराच्या दारातून मथुराबाई म्हणाली, "थांबला कावून? वाज ना."

"तिथं नाही लागत माय. तुले मालूम हाये."

"लागते. वाज."

त्यानं बोट ठेवलं आणि तार छेडली. मित्रांनो, तो सूर मी असा दिला की मला स्वतःलाच भरून आलं. स्वच्छ, सरळ, लांब. देवानंद दचकला. पुन्हा छेडली. पुन्हा तसाच. त्यानं मला उजेडात धरलं, बुजवलेली भोकं पाहिली, मागं सरकलेली घोडी पाहिली.

"कोनं केली?"

"कोनं करंन? तुह्या बाबानं."

"पन त्यायले त आयकू…"

"मी आयको ना. ते वाजवत, मी मान हालवो."

"मंग मले कावून नाही सांगतलं? ओमचा फोन येऊन राहिला होता, नुसतं ये म्हने. हे सांगतलं असतं तर मी आलो असतो ना माय! त्याच दिवशी आलो असतो!"

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. "तुहं तोंड पाह्याचं होतं त्यायले," ती म्हणाली.

देवानंदनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि लहान मुलासारखा ढसाढसा रडला. मी त्याच्या मांडीवर होते. त्याच्या हुंदक्यांनी माझ्या तारा आपोआप वाजत होत्या.

त्यानंतर तो भिलाईतच राहिला. पोरांना गिटार शिकवतो. माझ्यावर सगळं वाजवतो, सिनेमातलं, भजनातलं, काय हवं ते. ते गाणं मात्र पुन्हा वाजवत नाही. मीही कधी आग्रह धरत नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फार शहाणपण नाही. पण एवढं ऐका. कुणी जीव लावून तुमच्यासाठी काही केलं आणि त्यात उणं राहिलं, तर त्याचं मन राखायला खोटी मान डोलवू नका, आणि राग आला म्हणून तेच त्याच्या तोंडावर फेकूही नका. त्याच्याजवळ बसा आणि बोट ठेवून दाखवा, इथं चुकतंय. चांगली बातमी असेल तर तीही उद्यावर ठेवू नका. माझी घोडी सरकवायला एक दुपार लागली. ती दुपार त्या दोघांना पहिल्याच वर्षी मिळाली असती.